तिसऱ्या बशीतल्या पेशी

बंदरावरच्या शेडमध्ये फाटक्या ताडपत्र्या शिवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. वयानं मोठे हमालही काकूच म्हणत, आणि त्यांनीही ते कधी मनावर घेतलं नाही. शेड पत्र्याची, लांबलचक, दोन्ही टोकांना उघडी. मधोमध जड कापड शिवायची मशीनं, आणि भिंतीलगत मेणाचा नि डांबराचा वास धरून बसलेले गठ्ठे. ट्रकवरच्या, होड्यांवरच्या ताडपत्र्या तिथे दुरुस्तीला यायच्या. काकू त्या अंगणात पसरायच्या, अनवाणी त्यांच्यावरून चालत फाटकी जागा तळपायांनी हुडकायच्या, खडूनं गोल करायच्या आणि मग मशीनवर घ्यायच्या. दोरी ओवायच्या कड्या ठोकायचं काम तेवढं त्या दुसऱ्यांच्या गळ्यात मारायच्या. हातोडीच्या आवाजानं त्यांचं डोकं उठायचं.

काका त्याच बंदरावर क्रेन चालवायचे. बंदरावर त्यांना घार म्हणत. केबिन इतकी उंच की खालच्या माणसाला तिथे कुणी बसलंय हेसुद्धा कळू नये. काकांच्या पायांखाली काच असायची. त्यातून कंटेनर दिसायचे, ट्रक दिसायचे, आणि मान जरा वळवली की ताडपत्री शेडचं अंगण दिसायचं. काकूंना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते असंच वरून. मोठ्या हिरव्या ताडपत्रीच्या मधोमध एक मुलगी, आपल्याच पायांकडे बघत सावकाश चाललेली. खाली उतरल्यावर ती नेमकी कोण, हे शोधायला त्यांना बरेच दिवस लागले, कारण वरून माणसाचा भांग दिसतो आणि खांदे दिसतात, तोंड दिसत नाही.

लग्नानंतर काकूंच्या दिवसाची हकीकत संध्याकाळी काकाच सांगायचे. आज जेवल्यावर बराच वेळ उन्हात बसली होतीस. मुकादमाशी वाजलं वाटतं, हात फार हलत होते. काकू वैतागायच्या. म्हणायच्या, तुम्ही आपलं डब्यांकडे बघा, एखादा कुणाच्या टाळक्यात पडला म्हणजे कळेल. पण अंगणात जायच्या आधी त्या शेडमधल्या आरशात भांग मात्र सरळ करून घ्यायच्या. शेडमधल्या बायका त्यावरून त्यांना चिडवायच्या. काकू वर बघायच्या तेव्हा त्यांना केबिनच्या काचेवर चमकणारं ऊन दिसायचं, बाकी काही नाही. आपल्याकडे बघणारा माणूस आपल्याला कधी दिसत नाही, याची त्यांना हळूहळू सवय होऊन गेली.

काका निवृत्त झाले तेव्हा काकूंची अजून नोकरी होती. सुट्टीच्या दिवशी काका स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहायचे. काकू कणीक मळत असतील, भांडी घासत असतील, हे आपले बघत बसलेले. काय बघताय, असं विचारलं की म्हणायचे, "काही नाही गं. सवय."

एका सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तर काका झोपेतच गेलेले होते.

लेक दूरच्या गावी नोकरीला होती. ती आणि जावई दुपारपर्यंत पोचले, पण त्याआधीच तिनं फोनवरून नेत्रपेढीला कळवलं होतं. क्रेन चालवणाऱ्यांची दर वर्षी डोळे तपासणी व्हायची. तिथेच काकांनी कधीतरी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. डोळे चांगले आहेत, जाळून किंवा पुरून कुणाचं भलं होणार, असं त्यांचं साधं म्हणणं. नेत्रपेढीची दोन माणसं आली, हळू आवाजात बोलली, घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. काकूंना आत बोलावलं तेव्हा काकांचा चेहरा होता तसाच होता. कागद पुढे आला, त्यावर दोन ठिकाणी सही करायची होती. काकूंनी केली. कशाकशावर केली हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

त्यानंतर त्या कामावर जात राहिल्या. घरात बसून तरी काय करणार होत्या? केबिनमध्ये आता दुसराच कुणी होता, त्याला शेडच्या अंगणाशी काही देणंघेणं नव्हतं. तरी काकू आरशासमोर उभ्या राहून भांग सरळ करायच्या आणि मगच बाहेर पडायच्या. आता चिडवायला कुणी धजत नव्हतं. उलट त्या आरशासमोर गेल्या की बायका कामात मान घालायच्या.

लेक रोज फोन करायची. काय करतेस, कशी आहेस? काकू म्हणायच्या, बरी आहे. काय होतंय ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. नवरा गेल्याचं दुःख असतं हे त्यांना माहीत होतं. पण दिवसभर वावरायचं आणि ते कुणी पाहिलेलंच नसायचं, हे काय असतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर दिवस झालाच नाही असं वाटायचं.

काही महिन्यांनी नेत्रपेढीनं नेत्रदान केलेल्यांच्या घरच्यांना बोलावलं. एका सभागृहात खुर्च्या मांडलेल्या, चहा, छोटी भाषणं. काकांमुळे दोन माणसांना दिसू लागलं होतं. ती कोण हे सांगायची पद्धत नाही, असं तिथल्या समुपदेशक बाईंनी समजावलं. काकूंनी विचारलंही नाही. दिसतंय ना त्यांना, मग झालं. ती आता आपापलं बघत असतील.

पण बोलता बोलता त्या बाई पुढे म्हणाल्या की डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा तेवढा दुसऱ्याला बसवतात, तो म्हणजे खिडकीची काच. बघायचं खरं काम मागच्या पडद्यावर चालतं, त्याला दृष्टिपटल म्हणतात. तुम्ही दुसरी सही केलीत ना, त्यामुळे तो मागचा भाग संशोधनासाठी संस्थेच्या लॅबमध्ये गेला.

काकूंच्या हातातला चहा तसाच राहिला.

"म्हणजे ह्यांचं बघणं तिकडे आहे?"

बाईंना पुढच्या खुर्चीकडे जायचं होतं. त्या म्हणाल्या, "तसं म्हणा हवं तर."

त्यांनी ते सहज म्हटलं. काकूंनी मात्र ते घट्ट धरून ठेवलं. पुढचे कितीतरी दिवस ताडपत्रीवरून चालता चालता त्या मध्येच थांबायच्या. कुठेतरी, याच शहरात, एका खोलीत ह्यांचं बघणं ठेवलेलं आहे, आणि आपण इथे फाटकी भोकं शोधत फिरतोय. फोनवर लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की आई, तसं काही नसतं गं. काकूंनी विषय बदलला.

एके दिवशी त्या अर्धी रजा टाकून संस्थेत गेल्या. खाली स्वागतकक्षात बसलेल्या माणसानं अदबीनं सांगितलं की लॅब बघायला मिळत नाही. काकू म्हणाल्या, लॅब कुणाला बघायचीय? त्यानं त्यांना माहितीपत्रक दिलं. पुढच्या आठवड्यात त्या परत गेल्या, परत माहितीपत्रक मिळालं. त्यानंतर गेल्या तेव्हा त्या माणसानं माहितीपत्रकाकडे हात नेला, काकूंकडे बघितलं, हात मागे घेतला आणि वर फोन केला.

लिफ्टमधून एक तिशी-पस्तिशीची बाई खाली आली. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, हातमोज्यांची पावडर बोटांना लागलेली. पेशी वाढवण्याचं काम तिच्याकडे असायचं. काकू तिला ताई म्हणू लागल्या. घरी आणि शेडमध्ये मात्र तिचा उल्लेख कायम लॅबवाली असाच करायच्या. दोघी कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. काकूंनी सगळं सांगितलं, क्रेनपासून. लॅबवालीनं मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

मग तिनं तिच्या बाजूचं सांगितलं. डोळे तिच्याकडे येतात तेव्हा त्यांच्यावर फक्त आकडा असतो. कुणाचे, ते तिला कळत नाही आणि कळावं अशी सोयच नाही. शिवाय सगळ्यांच्या पेशी वाढतात असंही नाही. पुष्कळांच्या वाढतच नाहीत. सध्या तिच्याकडे तिघांच्या पेशी चांगल्या धरल्या आहेत, तीन बशांमध्ये.

"त्या तिघांत तुमचे असतील, किंवा नसतीलही," ती म्हणाली. "मी शोधून सांगू शकत नाही, काकू. आणि शोधता आलं असतं तरी सांगितलं नसतं."

काकू म्हणाल्या, मी तिन्ही बघते. तिघांपैकी असतील तर दिसतील, नसतील तर दुसऱ्या कुणाचे तरी बघितले असं होईल. त्यात वाईट काय?

लॅबवालीनं आपल्या मॅडमना विचारलं. मॅडमनी एका दुपारची परवानगी दिली.

त्या दिवशी काकू ठेवणीतले कपडे घालून गेल्या. दारात त्यांना कोट दिला, चपलांवर निळ्या पिशव्या चढवल्या, केसांवर कागदी टोपी. टोपीत भांग झाकला जातोय हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. खोली छोटी आणि थंड होती. एका बाजूला फ्रिजएवढं कपाट, आत माणसाच्या अंगाइतकी ऊब. लॅबवालीनं त्यातून तळहातावर मावेल अशी झाकणाची बशी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि काकूंना उंच स्टूल दिलं.

काकूंना आधी काहीच दिसेना. नुसतं पिवळट धुकं. लॅबवालीनं चाक फिरवलं, परत फिरवलं, स्वतः बघितलं. तिला तर स्वच्छ दिसत होतं. तिनं काकूंच्या डोळ्यांकडे जवळून पाहिलं आणि विचारलं, मोतीबिंदू आहे का? काकू म्हणाल्या, असेल, शिवताना काही अडत नाही, पायांना भोक कळतं. मग लॅबवालीनं उजेड वाढवला आणि त्यांना दुसऱ्या डोळ्यानं बघायला सांगितलं.

आता दिसलं. तपकिरी ठिपक्यांनी भरलेले छोटे छोटे तुकडे, एकाला एक लागून बसलेले, कुठे फट म्हणून नाही. फरशी घालावी तसे, पण प्रत्येकाचा आकार किंचित वेगळा. काकू पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

"ह्यांना आपण दिसतो का?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

लॅबवालीला हा प्रश्न येणार हे बहुधा माहीत होतं. तिनं खोटं सांगितलं नाही. ती म्हणाली की बघणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्या फार नाजूक, माणूस गेल्यावर काही तासांत त्याही जातात, त्यांना वाचवता येत नाही. ह्या पेशी त्यांच्या मागे असतात, अंधारात. बघणाऱ्यांना खायला द्यायचं, त्यांचा केरकचरा काढायचा, त्यांना बसायला जागा नीट ठेवायची, एवढंच ह्यांचं काम. ह्या स्वतः कधी काही बघत नाहीत.

काकूंनी डोळा काढला. लॅबवालीला वाटलं, आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

"म्हणजे घरकाम करणाऱ्या," त्या म्हणाल्या.

"तसंच."

"आणि बघणारे गेले ते त्याच दिवशी गेले."

लॅबवालीनं मान हलवली. काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. इतके दिवस त्या एका खोलीच्या ओढीनं चालत आल्या होत्या, आणि त्या खोलीत ह्यांचं बघणं नव्हतं. तेवढ्यात मॅडम आत आल्या. उंच, चष्म्याच्या, बोलायला मऊ. त्यांना इथे काय चाललंय ते काकूंना समजावून सांगायचं होतं, आणि काकूंनीही लगेच घरी जाऊन करायचं काय म्हणून ऐकून घेतलं.

मॅडम म्हणाल्या, वय झालं की काही माणसांच्या या थरात दाह सुरू होतो. आग भडकत नाही, नुसती धुमसत राहते, वर्षानुवर्षं. या पेशी खंगल्या की त्यांच्यावर अवलंबून असलेल्या बघणाऱ्या पेशीही जातात, आणि माणसाला मधलं दिसेनासं होतं. कडेचं दिसतं, दार दिसतं, खुर्ची दिसते, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. म्हणून आम्ही बशीतल्या पेशींना मुद्दाम डिवचतो, त्यांच्यात दाह उठवतो, आणि मग त्यांना ग्लायसीन देऊन बघतो. ग्लायसीन हे एक अमिनो आम्ल. आपल्या अंगात असतंच, चवीला गोड असतं. दाह उठला की पेशी आजूबाजूला धोक्याच्या खुणा सोडतात. त्या खुणा ग्लायसीननं कमी होतात का, एवढंच आम्ही मोजतो.

काकूंनी विचारलं, ह्यांना दुखतं का डिवचल्यावर? मॅडम म्हणाल्या, नाही, दुखणं कळायला जे लागतं ते ह्यांच्यात नाही. काकूंनी विचारलं, मग गुण येतो का? मॅडम म्हणाल्या, दोन बशांमध्ये खुणा निम्म्यावर आल्या. तिसऱ्या बशीत काहीच फरक नाही. कितीही द्या, दाह तसाच. का, ते अजून कळलेलं नाही. आणि हे सगळं बशीतलं झालं, माणसांना याचा उपयोग होईल की नाही हे सांगायला बरीच वर्षं जातील, कदाचित होणारही नाही.

काकूंच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"तिसरी दाखवा," त्या म्हणाल्या.

तिसरी बशी पहिलीसारखीच दिसत होती. तपकिरी, दाटीवाटीनं बसलेली. काकू तिच्यावर वाकल्या त्या वाकल्याच. मग त्यांनी वर न बघता लॅबवालीला सांगितलं की आमचे हे एकदा रुसले की गोडानं कधी वळले नाहीत. खीर करा, लाडीगोडी करा, काही नाही. त्यांचं त्यांना वाटेल तेव्हा उठून यायचे, आणि काही झालंच नाही असं बोलायला लागायचे.

"काकू, यावरून तसं म्हणता येत नाही," लॅबवाली हळूच म्हणाली.

"तू नको म्हणूस. मी म्हणते."

ताईची तू कधी झाली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण लॅबवालीनं त्यांच्याकडे बघितलं आणि त्या राहिल्या. खोलीत यंत्राची घरघर तेवढी चालू होती. काकू वाकून बघत होत्या. रागावलेल्या नवऱ्याच्या खोलीच्या दारात उभं राहावं, आत जाऊ नये, हाकही मारू नये, तशा.

निघताना त्यांनी विचारलं की ह्यांचं पुढे काय होणार. लॅबवालीनं तेही खरंच सांगितलं. मोजणी पुरी करायची तर शेवटी पेशी फोडाव्या लागतात. त्यानंतर बशा टाकून द्यायच्या. अजून काही दिवस आहेत. काकू म्हणाल्या, मग त्या दिवशी मला एक फोन कर. थांबवा असं मी म्हणणार नाही, नुसतं कळलं पाहिजे.

घरी आल्यावर लेकीचा फोन आला. काकूंनी सांगितलं, बघून आले. लेकीनं विचारलं, बाबा होते का? काकू म्हणाल्या, बघायला कुणी नव्हतं तिथे, मीच बघून आले. थोड्या वेळानं म्हणाल्या, पण बरं वाटलं, तेवढा वेळ. लेक पलीकडे रडत होती हे त्यांना कळलं. मग त्यांनी जावयाच्या खोकल्याची चौकशी केली.

फोन आला तेव्हा काकू मशीनवर होत्या. लॅबवाली एवढंच म्हणाली की काकू, आज. काकूंनी बरं म्हटलं, पायाखालचं पायडल सोडलं आणि हात कापडावर तसेच ठेवून बसल्या. मुकादम येऊन उभा राहिला, काय झालं म्हणाला. काकू म्हणाल्या, ह्यांचं काम संपलं. त्याला काय कळलं कोण जाणे, तो बाहेर गेला आणि ट्रकवाल्याला ताडपत्री उद्या मिळेल असं सांगून आला.

मोतीबिंदू काढण्यासाठी लॅबवालीच त्यांच्या मागे लागली. त्याच संस्थेत तारीख घेतली, लेक आठ दिवस रजा काढून आली. डाव्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा काकूंना आधी भिंत दिसली. पांढरी. इतकी पांढरी भिंत त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. मग लेकीच्या कानामागचे पांढरे केस दिसले, आणि त्यांनी ते बोटानं बाजूला केले. लॅबवाली भेटायला आली होती. काकूंनी तिला जवळ बोलावून विचारलं की आता नीट दिसतंय तर एकदा परत बघता येईल का? विचारता विचारताच बशा टाकून दिल्याचं त्यांना आठवलं, पण शब्द बाहेर पडून गेला होता. लॅबवाली पलंगाच्या कडेला टेकली. म्हणाली, त्या बशीचे फोटो आहेत, हवे तर मॅडमना विचारते. काकू म्हणाल्या, नको गं. फोटोत त्या बसलेल्या असतील नुसत्या. मी बघितल्या तेव्हा जिवंत होत्या.

लेक गेल्यावर घर पुन्हा रिकामं झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाकून काम करायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून काकूंनी बसल्या बसल्या कपाट आवरायला घेतलं. खालच्या खणात काकांचे कपडे होते, त्यांना अजून हात लागला नव्हता. सगळ्यात वर त्यांचा नेहमीचा सदरा. शेवटच्या वर्षात ते बहुतेक हाच घालायचे. काकूंच्या आठवणीत तो राखी होता. त्या सदऱ्यातच ते स्टुलावर बसलेले त्यांना दिसायचे, आणि गेले कित्येक महिने डोळे मिटले की तेच राखी रंगातले काका समोर यायचे.

काकूंनी सदरा खिडकीशी नेला. तो निळा होता. गडद, स्वच्छ निळा, कॉलरच्या आत तर नव्यासारखा. त्यांनी तो उलटा करून बघितला, उजव्या डोळ्यावर हात धरून बघितला, डाव्यावर धरून बघितला. उजव्या डोळ्याला तो अजून राखीच होता.

त्या पलंगावर बसल्या. म्हणजे हे रोज निळ्यात बसायचे समोर, आणि आपण त्यांना राखी बघत होतो. डोळे मिटून त्यांनी स्वयंपाकघर आठवलं, स्टूल आठवलं, आणि त्यावर बसलेल्या माणसाला निळा सदरा घालून बघितला. एकदम जमलं नाही. राखी पुन्हा पुन्हा वर यायचा. बाहेर दुपार उतरत चालली होती. काकू सदरा मांडीवर घेऊन, डोळे मिटून, पुन्हा पहिल्यापासून आठवायला लागल्या.